नारबोदचा दिवस

गोपाळकृष्ण पिंपळापुरे सरांना 'काही दिवसांपूर्वी' या शब्दांची चीड होती. सरांना मोघम काळ खपतच नसे. सहावीच्या फळ्यावर ते 'अगो' हा इंग्रजी शब्द लिहीत, त्याच्या आधी एक रिकामी चौकट काढत आणि चौकटीवर खडू ठोकत विचारत, "इथे काय येतं?" वर्ग एका सुरात म्हणे, "नंबर, सर." मग टू डेज अगो, फाइव्ह इयर्स अगो अशी भूतकाळाची मोजदाद सुरू होई. एखादं पोर 'मामाच्या लग्नात' असं काही बोलून गेलं की सर त्याला उभं करत. लग्न ही काय तारीख झाली? किती वर्षं झाली ते सांग. चौतीस वर्षं सरकारी शाळेत आणि निवृत्तीनंतर सहा वर्षं बालाघाटच्या या खाजगी इंग्रजी शाळेत सरांनी हेच केलं. आपण पोरांना शिस्त लावली, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

शाळेचं नाव घेण्यात अर्थ नाही. फाटकावर ते हातभर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि हे सगळं रामायण त्या फाटकावरूनच घडलं.

सप्टेंबरातला मंगळवार होता, शाळा सुटायची वेळ. रुळावरून सरकणारं ते अवजड लोखंडी फाटक अनुसयाबाई ओढत होती. खालचं चाक रुळावरून उतरलं, फाटक कललं आणि दुसरीतल्या श्रियाच्या पायावर आलं. गुडघ्याखाली हाड मोडलं. अनुसयाने खांदा लावून फाटक तोलून धरलं, म्हणून पोर जिवंत राहिली. ऑटोवाले धावत येईपर्यंत ती तशीच उभी होती. खांदा सुजून टम्म झाला होता. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

अनुसया या शाळेत नऊ वर्षांपासून आया होती. गाव लामता, वय पंचेचाळीस. पोरांना ऑटोतून उतरवणं, शेंबूड पुसणं, फाटक उघडणं-लावणं, सगळं तिच्याच गळ्यात. संचालकांनी त्या दिवशी आधी डॉक्टरला फोन केला की आधी वकिलाला, यावर स्टाफरूममध्ये दोन मतं होती. तासाभरात मात्र हुकूम आला की आयाचा जबाब लिहून घ्या, आणि इंग्रजीत घ्या, कारण "अपने यहाँ सब रिकॉर्ड इंग्लिश में रहता है." अनुसया मराठीत बोलणार. ते ऐकून चोख इंग्रजीत उतरवणारा माणूस शाळेत एकच होता.

ग्रंथालयात सर कागद घेऊन बसले. समोर अनुसया, खांद्यावर ओला पदर दाबून.

"नारबोदच्या दिवशी मी पवनभाऊले सांगतलं, सर," ती म्हणाली, "का फाटकाचं चाक झिजलं हाय, कोनाच्या आंगावर पडन."

पवन म्हणजे संचालकांचा भाचा. दुरुस्त्या, बसगाड्या, रंगरंगोटी सगळं त्याच्याकडे. सरांनी त्याचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. नारबोद काय, हे सरांना कोणी सांगायला नको होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घराघरातली रोगराई, डास-माशा, वर्षाची कटकट आरोळ्या देत गावाबाहेर नेऊन टाकतात, ती नारबोद. लहानपणी सरही त्या आरोळ्यांमागे अनवाणी धावले होते. पण ते काय इंग्रजी कागदावर लिहायचं?

"नारबोद इंग्रजीत कशी लिहू, बाई? किती दिवस झाले ते सांग."

"त्या दिवशी ना सर, मी समद्या मायबापाईले फाटकावर..."

"ते राहू दे. मुद्द्याचं बोल. दिवस किती?"

अनुसया अंगठ्याने बोटांची पेरं मोजत गेली, मंगळवार, बुधवार, गुरुवार, थेट आजच्या मंगळवारपर्यंत. "आठ दिवस झाले, सर."

सरांनी लिहिलं, एट डेज अगो. चौकटीत आकडा बसला. वाक्य कसं ताठ उभं राहिलं, हे पाहून त्यांना बरंसुद्धा वाटलं. अनुसयाने खाली देवनागरीत एकेक अक्षर जोडत सही केली.

गुरुवारी संचालकांच्या खोलीत चौकशी झाली. चौकशी कसली, निकाल आधीच टाइप करून ठेवला होता. पवन भिंतीला टेकून मोबाइल चाळत होता. सरांना एवढ्यासाठी बोलावलं होतं की कागद त्यांच्या हातचा. संचालकांनी तो मोठ्याने वाचला आणि टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"दस तारीख को बयान हुआ. एट डेज अगो मतलब दो तारीख. दो को क्या था, पवन?"

"पोला था, मामाजी. स्कूल बंद था."

"और ये बाई कहाँ थी?"

"छुट्टी लेकर गाँव. लामता."

संचालक खुर्चीत मागे रेलले. शाळा बंद, फाटकाला कुलूप, बाई लामत्याला पुरणपोळ्या खात बसलेली, मग तिने पवनला सांगितलं कधी? स्वप्नात?

अनुसया म्हणाली, "पोळ्याले नाही, साहेब. नारबोदच्या दिवशी सांगतलं. सकाळच्या बसनं उतरली आन् सांगतलं."

"अब ये नारबोद कहाँ से आ गया? इसमें तो लिखा नहीं है."

अनुसयाने सरांकडे पाहिलं. "सर, मी तुमाले नारबोदच म्हनलं व्हतं ना?"

सरांना तेव्हाच सगळं लख्ख कळलं होतं. मंगळवार ते मंगळवार आपल्याकडे आठ दिवस होतात. ज्या दिवसापासून मोजायचं तोही धरायचा, आजचाही धरायचा. इंग्रजी 'अगो' आजचा दिवस धरत नाही. हिशेबाने सात दिवस व्हायला हवे होते, तीन तारीख निघायला हवी होती, आणि तीन तारखेलाच नारबोद होती. बाई खरं बोलली होती. तिचं खरं त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात खोटं करून ठेवलं होतं.

ते घसा खाकरून म्हणाले, "हमारे बोलने में आठ दिन याने..."

"सर," संचालक हसले, "आप तो अगो पढ़ाते हैं. पूरे बालाघाट में आपका नाम है. आपसे अगो में गलती हुई, ये मैं कैसे मान लूँ?"

त्या हसण्यात सरांना चाळीस वर्षांचं नाव एका वाक्यावर टांगलेलं दिसलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बाईने आठच म्हटलं होतं."

आणि ते खरंही होतं. म्हणूनच ते इतकं नीच होतं.

अनुसयाला कामावरून काढल्याचं शनिवारी पालकांच्या सभेत जाहीर होणार होतं, आणि मुलीच्या बापाची इच्छा असेल तर शाळा तिच्याविरुद्ध पोलिसात कागद देणार होती. तिने पदर खोचला आणि सरांकडे न बघता बाहेर पडली.

घरी सर वाघासारखे फिरत होते. वर्तमानपत्राची घडी नीट नव्हती म्हणून चिडले, पंखा कुरकुरतो म्हणून चिडले, आमटीत मीठ बरोबर होतं तरी चिडले. त्यांच्या पत्नी अहिल्याताईंनी दोन तास ऐकून घेतलं. मग त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "जेवायचं असेल तर आत्ता जेवा. सिलिंडर संपत आलंय. लावून आठच दिवस झाले, कसं संपलं देव जाणे."

"कधी लावलं होतं?"

"मागच्या गुरुवारी. म्हटलं ना, आठ दिवस."

"गुरुवार ते गुरुवार सात होतात."

"तुमच्या शाळेत होत असतील," अहिल्याताई म्हणाल्या. "आपला चिन्मय दिवाळीत घरी आठ दिवस राहून गेला, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरलात. रविवारी आला, रविवारी गेला. तेव्हा नाही मोजले सात?"

सर जेवायला पाटावर बसले होते, ते उठले. संचालकावर, पवनवर, त्या कॅलेंडरवर जो राग दिवसभर उफाळत होता, त्याला आता दुसरीकडे जायला वाट उरली नव्हती. तो सगळा त्यांच्याच छातीत येऊन बसला. त्यांनी बायकोला घडलेलं सांगितलं. अहिल्याताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तिथल्या तिथे बोलला का नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं. नवऱ्याची बाजू सावरून घेण्याचा त्यांचा नेहमीचा स्वभाव त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

शुक्रवारी सर अनुसयाच्या खोलीवर गेले. बसस्टँडच्या मागच्या वस्तीत एक खोली, दाराशी प्लास्टिकचा पिंप. ती एका हाताने भांडी घासत होती. सरांनी खिशातून दुरुस्तीचा अर्ज काढला. रात्री जागून त्यांनी तो तीनदा उतरवला होता, आठ दिवस आणि सात दिवस यांतला फरक समजावून सांगणारा, इंग्रजीत, दीड पान.

"काय हाय हे?"

"मी साहेबांना देतो. माझी चूक झाली असं लिहिलंय."

"तुमी आता लिवू नोका, सर," अनुसया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण हातातलं पातेलं तिने असं आपटलं की शेजारची बाई डोकावली. "लय लिवलं तुमी. मी तुमाले नारबोद म्हनलं. तुमी म्हनले, ते राहू द्या, किती दिवस झाले. काहून राहू द्या? तुमाले नारबोद ठाऊक नाही? तुमी का इंग्लंडात जल्मले?"

सर मान खाली घालून उभे राहिले.

"त्या दिवशी पवनभाऊनं आयकलं नाही, तं मीच मोठं फाटक बंद ठेवलं. समद्याईले लहान दारातून आत घेतलं. मायबापाईनं गाड्या रस्त्यावर लावल्या, मले शिव्या देल्या. नारबोद व्हती, पहाटपासून लोक थकले व्हते, समदे चिडले. दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन आला, मोठं फाटक खोल, पालक नाराज होऊन राह्यले. मंग खोललं. हे मी तुमाले सांगाले गेली, तं तुमी म्हनले मुद्द्याचं बोल. हा मुद्दा नव्हता तं कोनता व्हता?"

"मी उद्या सभेत उभा राहतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगा नाही तं नोका सांगू. मी तं येऊन राह्यली," अनुसया म्हणाली, आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. दीड पानाचा अर्ज सरांनी घडी करून खिशात घातला. बसायला तिने म्हटलं नाही, आणि म्हणावं असं काही राहिलंही नव्हतं.

शनिवारी हॉल खच्चून भरला. श्रियाचा बाप मोहित पहिल्या रांगेत होता, चार रात्री झोप नसलेला, तोंड बांधून टाकल्यासारखा. संचालकांनी माइक घेतला. घडलं ते दुर्दैवी, शाळेला अतीव दुःख, निष्काळजी कर्मचाऱ्याला काढलं आहे, तिने चौकशीत खोटंही सांगितलं, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. पालकांनी माना हलवल्या. दोषी सापडला की माणसाला घरी जाता येतं.

सर उठले. माइक नव्हता, पण चाळीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज होता. ते म्हणाले की झूठ बाई ने नहीं लिखाया, मैंने लिखा. ती नारबोदचा दिवस म्हणाली होती, मी तो खोडून आठ दिवस केला. आपल्याकडचे आठ दिवस म्हणजे एक आठवडा, हे मला माहीत होतं. परवा विचारलं तेव्हाही माहीत होतं आणि मी गप्प बसलो. हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. इंग्रजीचे सर अगोमध्ये चुकले.

संचालकांनी हसणं संपू दिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "ठीक है. सर की उमर हो गई है, गलती हो जाती है. तो फिर ये कागज़ ही बेकार हुआ. अब तो रिकॉर्ड में कहीं नहीं है कि बाई ने किसी को कुछ बताया. दो तारीख भी नहीं, तीन भी नहीं."

"ही बदमाशी आहे," सर मराठीतच ओरडले. "एका गरीब बाईच्या जिवावर..." पवन मोबाइलकडे बघून हसत होता. सरांच्या कबुलीने झालं एवढंच, की अनुसयाच्या बाजूने असलेला एकमेव कागदही गेला.

तेव्हा दारातून अनुसया आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. सुजलेला हात पोटाशी धरून ती पहिल्या रांगेपर्यंत चालत गेली आणि संचालकांकडे पाठ करून पालकांपुढे उभी राहिली.

"नारबोदच्या दिवशी," ती म्हणाली, "तुमी लेकराईले सोडाले आलते. मी कोन्या दारातून घेतलं व्हतं?"

तीन तारीख कोणाला आठवत नव्हती. आठ दिवस, सात दिवस, त्यात तर सगळेच गोंधळले होते. पण नारबोद? पहाटे आरोळ्या देऊन घसा बसलेला, पोरं अर्धवट झोपेत, आंघोळी आटपून धावतपळत शाळेला आणलेली. एक म्हातारी आजी उठली. "लहान दारातून. मोठं फाटक बंद व्हतं. म्या इचारलं काहून, तं म्हने चाक उतरन." मागून एक बाप म्हणाला, "हाँ, मेरी कार बाहर लगवाई थी उस दिन." मग इकडून एक, तिकडून एक. नारबोद के दिन. हौ, नारबोदच्या दिवशी. मले बी तसंच म्हनलं व्हतं.

मोहित शेवटी उठला. त्याचा आवाज खरखरत होता. "मैंने इसको गाली दी थी," तो म्हणाला. "नारबोद के दिन. मैं लेट था. इसने गाड़ी रोकी, बोली बड़ा फाटक गिरने वाला है, पवनभाऊ को बोल दिया है, बच्ची को उतारकर पैदल ले जाओ. मैंने सबके सामने माँ की गाली दी." तो संचालकांकडे वळला. "अगले दिन बड़ा फाटक किसने खुलवाया?"

पवनने मोबाइल खिशात घातला. संचालकांनी माइक बंद केला, तो किर्रर्र वाजला, आणि त्या आवाजात हॉलमधले सगळेच एकदम बोलू लागले.

पुढे जे व्हायचं ते झालं. काढल्याचं पत्र मागे घेतलं गेलं, ते न्यायाने नव्हे, घाबरून. पोलिसात जाणारा कागद आता मोहितच देणार होता, आणि त्यासाठी अनुसयाचा जबाब नव्याने लिहायचा ठरलं, तिथेच, हॉलच्या पायऱ्यांवर. सरांनी सवयीने खिशातलं पेन काढलं.

"तुमी नाही," अनुसया म्हणाली.

मोहितने लिहिलं, हिंदीत. तिने मराठीत सांगितलं, त्याने उतरवलं. लहान दार, शिव्या, साहेबांचा फोन, सुजलेला खांदा, काहीच राहू दिलं नाही. लिहून झाल्यावर तिने जबाब दोनदा वाचून घेतला, आणि मग साक्षीदार म्हणून सही करायला सरांपुढे ठेवला. पहिलंच वाक्य होतं, नारबोद के दिन मैंने पवन को बताया.

सर वाचत होते आणि त्यांची बोटं शिवशिवली. "बाजूला फक्त तारीख टाकतो," ते अजीजीने म्हणाले. "पुढे कोर्टात बरं पडतं."

अनुसयाने चांगला हात कागदावर पालथा ठेवला. खाली सहीपुरती जागा तेवढी मोकळी राहिली.

"इथं सही करा, सर," ती म्हणाली. "बाकी कायले हात नोका लावू."

सरांनी सही केली.